परांड्यापासून देगलूरपर्यंत ग्रॅव्हिटी मोजताना

ग्रॅव्हिटी सर्वे म्हणलं की समोरच्याला काहीतरी लई हायफाय वाटतं. काम काय असतं, तर रस्त्याच्या कडेला स्टँडवर एक डबा ठेवायचा, स्क्रू फिरवून फिरवून लेव्हल करायचा, बटण दाबायचं आणि दोन पावलं मागं सरकून गप उभं राहायचं, श्वास पण जपून घ्यायचा, कारण डब्याच्या आत क्वार्ट्झची एक बारीक स्प्रिंग आणि तिला टांगलेलं इवलंसं वजन असतं आणि ते पृथ्वीच्या ओढीत दहा लाखावा भाग, म्हणजे एक मिलिगॅलचा फरक, तर सहज दाखवतंच, पण त्याच्याही शंभराव्या भागापर्यंत जातं. तुम्ही शेजारी पाय बदलला तरी त्याला कळतं.

मी पीएचडीला लागलो तेव्हा सरांनी विषय दिला तो असा की आपल्या दख्खनच्या बसाल्टखाली जुनं बेसिन, म्हणजे गाळानं भरलेला खोलगट भाग, गाडलं गेलंय का, आणि असलं तर त्याच्या तळाचं भूकवच किती ताणलंय, किती वाकलंय, हे ग्रॅव्हिटीवरून सांग. मी हो म्हणलो. तेव्हा विषय कळला होता असं नाही, पण गावाकडं फिरायला मिळणार होतं आणि हैदराबाद किंवा मुंबईत खोली घेऊन राहावं लागणार नव्हतं, एवढं मात्र लगेच कळलं होतं.

आता ग्रॅव्हिटीच का, तर मराठवाड्यात भूशास्त्रवाल्याची पंचाईत अशी की वर काळी माती, खाली बसाल्ट, आणि त्याच्या खालचं काहीच दिसत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर आले आणि त्यांनी आधीचं सगळं झाकून टाकलं. पश्चिमेला सह्याद्रीत हे थर दीडदोन किलोमीटर जाड आहेत, पूर्वेकडं पातळ पातळ होत जातात, आणि देगलूर-बिलोलीकडं गेलं की संपतातच, तिथं सरळ ग्रॅनाइटचे गोल गोल धोंडे उघडे पडलेले दिसतात, आपण मराठवाड्यात आहोत का तेलंगणात असं वाटायला लागतं. मधल्या भागात पक्का आकडा म्हणावा तर किल्लारीचा. भूकंपानंतर तिथं जे खोल बोअर मारलं त्यात ३३८ मीटर बसाल्ट लागला, त्याच्याखाली फक्त ८ मीटर गाळाचा खडक, आणि मग जुना ग्रॅनाइट-नाइसचा पाया (नाइस म्हणजे उष्णता-दाबानं बदललेला जुना खडक). हा ८ मीटरचा आकडा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

बेसिनचा संशय मात्र कुणी हवेतून काढलेला नाही. चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा, पुढं तेलंगणात सिंगरेणीचा कोळसा, हे सगळं गोंडवाना काळातल्या एका लांबलचक खचदरीत साठलेलं आहे. जमीन ताणली गेली, मधला पट्टा खचला, त्यात नद्यांनी गाळ आणून टाकला. ही खचदरी वायव्येकडं जाते आणि बसाल्टखाली गडप होते. मग तिच्यासारख्या अजून खचदऱ्या आपल्या खाली नसतील कशावरून? १९७३ साली हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संस्थेचे कृष्ण ब्रह्मम आणि नेगी यांनी ग्रॅव्हिटीचा नकाशा बघून मांडलं की दख्खनच्या बसाल्टखाली दोन खचदऱ्या आहेत, एक कोयनेची आणि एक कुर्डुवाडीची. कुर्डुवाडी म्हणजे आमच्या परांड्याच्या शेजारीच की. त्या पट्ट्यात ग्रॅव्हिटी आजूबाजूपेक्षा कमी आहे, म्हणजे खाली काहीतरी हलकं आहे, इथपर्यंत भांडण नाही. ते हलकं म्हणजे गाळ का दुसरंच काही, यावर मात्र तेव्हापासून वाद चालूच आहे आणि माझ्या मते लोकांनी खचदरी हा शब्द जरा घाईनंच नकाशावर लिहून टाकला. एकदा नकाशावर नाव छापलं की पुढचा माणूस ते खरंच धरून चालतो.

तर लाइन ठरली परांडा, बार्शी, येडशी, ढोकी, मुरूड, लातूर, उदगीर, मुखेड, देगलूर. पश्चिमेला वादातला पट्टा, पूर्वेला उघडा ग्रॅनाइट. आणि औशावरून एक फाटा खाली किल्लारीला, कारण बोअरचा आकडा हातात असताना तिथं न जाणं म्हणजे मूर्खपणाच.

सकाळी पहिलं काम बेस. एक पक्की जागा धरायची, आम्ही बहुतेक वेळा शाळेचा व्हरांडा नाहीतर देवळाचा कट्टा धरायचो, तिथं रीडिंग घ्यायचं, मग दिवसभर पुढं पुढं जायचं आणि संध्याकाळी परत त्याच जागेवर येऊन रीडिंग घ्यायचं. दोन आकडे जुळत नाहीतच, कारण स्प्रिंग दिवसभरात हळूहळू ताणत जाते, तिला ड्रिफ्ट म्हणतात, आणि तो फरक दिवसभराच्या रीडिंगांवर वेळेप्रमाणं वाटून टाकायचा. शिवाय चंद्र-सूर्याची ओढ. समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही येते आणि तिच्यापायी दिवसात दोन-तीन दशांश मिलिगॅल इकडचं तिकडं होतं, ते मशीन स्वतःच वजा करतं, फक्त त्याला घड्याळ आणि ठिकाण बरोबर सांगावं लागतं. आणि मीटर कधीच बंद पडू द्यायचं नाही. आतलं तापमान एकसारखं ठेवायला त्याला चोवीस तास करंट लागतो, त्यामुळं लोडशेडिंग असलेल्या गावात मुक्काम म्हणजे आधी मशीनची सोय बघायची, मग आपली. लॉजवाला विचारायचा एवढ्या बॅटऱ्या कशाला, तर सांगायचं औषधं आहेत आत, थंड ठेवावी लागतात. खरं सांगत बसलं तर जेवायला उशीर.

सगळ्यात छळ केला तो उसानं. सीझन चालू असताना मुरूड-ढोकीच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रांगेनं चालतात आणि त्यातला एक लांबून जरी गेला तरी रीडिंग नाचायला लागतं. मग रस्ता सोडून शेताच्या बांधावर जायचं, तर तिथं काळी माती, स्टँडचा पाय हळूहळू रुतत जातो, लेव्हल सुटते. रानातलं एखादं उघडं बसाल्टचं टेपाड दिसलं की लॉटरी लागल्यासारखं वाटायचं. वारा असला की छत्री धरून उभं राहायचं, लोक म्हणायचे येडं झालंय पोरगं, ना ऊन ना पाऊस.

लोकांचं तर काय सांगावं. पहिला प्रश्न ठरलेला.

"काय मोजायलाव ओ?"

"जमिनीची ओढ मोजायलो मामा."

"बोअरला पाणी लागंल का तेवढं सांगा की."

"पाण्याचं नाई कळत ह्याच्यात."

"मग काय उपेग ह्याचा? आमचा पाणाड्या नारळावर सांगतोय."

यावर माझ्याकडं उत्तर नसायचं. खरं म्हणजे थोडंफार कळू शकतं, भेगाळलेला खडक हलका असतो, पण त्यासाठी दहा-दहा मीटरवर रीडिंग घ्यावं लागतं, आमच्या मोजायच्या जागा दोन-दोन किलोमीटरवर. हे समजावून सांगायला गेलं की मामा म्हणायचे मग घ्या की दहा मीटरवर, कोण नको म्हणायलंय, चहा देतो.

किल्लारीत प्रश्न वेगळा असतो. नव्या गावात एका आजोबांनी मशीनकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्याच्यावर कळतंय का, परत कवा येणार हाय ते?" मी म्हणलो नाही आजोबा, ते कुणालाच सांगता येत नाही. ते म्हणले मग बरं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी, आदल्या दिवशी गणपती विसर्जन होऊन लोक दमून झोपलेले. ६.२ तीव्रतेचा भूकंप म्हणजे जगाच्या हिशोबात मध्यमच, पण जमिनीखाली अगदी उथळ झाला आणि वर मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माळवदं, त्यामुळं जवळजवळ दहा हजार माणसं गेली. तिथं उभं राहून मिलिगॅल लिहायला सुरुवातीला जरा कसंतरीच वाटलं. पण विषयाचा आणि किल्लारीचा संबंध थेट आहे. भारताची प्लेट हिमालयाकडं रेटली जातेय, तो दाब सगळ्या द्वीपकल्पात भरून राहिलाय आणि तो बाहेर पडतो जिथं खडक आधीच कधीतरी मोडलेला, कमकुवत झालेला असेल तिथं. किल्लारीला एक बाजू दुसरीवर चढली, म्हणजे दाबाचाच भूकंप. कधीकाळी ताणानं पडलेली भेग पुढं दाबाखाली उलटी सरकू शकते, म्हणून गाडलेलं जुनं बेसिन शोधणं हे नुसतं कोळशा-तेलाचं काम राहत नाही.

आता उंची. सांगायला कंटाळवाणं आहे, पण ग्रॅव्हिटीतली निम्मी मेहनत उंचीची आहे. एक मीटर वर चढलं की ओढ ०.३०८६ मिलिगॅलनं कमी होते कारण पृथ्वीच्या मध्यापासून लांब गेलो, आणि त्या मीटरभर खडकाची स्वतःची ओढ म्हणून साधारण ०.११ परत मिळतात. म्हणजे उंचीत मीटरभर गफलत झाली की ०.२ मिलिगॅल गेले, आणि तुम्ही एकेका मिलिगॅलवरून खालचं बेसिन ठरवणार. म्हणून डबल जीपीएस, एक बेसवर ठेवलेला, एक आमच्याबरोबर. तरी पहिल्याच दिवशी माझ्या जोडीदारानं रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची समुद्रसपाटीपासूनची उंची वाचली आणि ओरडला की जीपीएस सत्तर मीटर खाली दाखवतंय, मशीन बिघडलं. बिघडलं नव्हतं. जीपीएस उंची मोजतं ती गणितातल्या गुळगुळीत अंडाकृती पृथ्वीपासून, पाटी मोजते समुद्रसपाटीपासून, आणि आपल्या भागात समुद्रसपाटी त्या अंडाकृतीच्या सत्तरेक मीटर खाली आहे. दक्षिणेकडं जाल तशी अजून खाली, श्रीलंकेच्या पलीकडं हिंदी महासागरात तर शंभर मीटरच्याही खाली जाते. जगातला सगळ्यात मोठा असा खड्डा आपल्या शेजारीच आहे.

घरी येऊन कॉम्प्युटरवर बसलो की वजाबाकीचा खेळ. एका जागेच्या ओढीचा पूर्ण आकडा असतो नऊ लाख अठ्ठ्याहत्तर हजार तीनशेच्या आसपास मिलिगॅल, आणि आपल्याला पाहिजे असतात त्यातले शेवटचे दहा-वीस. आधी अक्षांश काढा, औशावरून किल्लारीकडं दक्षिणेला गेलं की दर किलोमीटरला अर्धा मिलिगॅल नुसताच कमी होतो. मग उंची काढा. मग येडशीच्या घाटातल्या डोंगर-दऱ्यांची ओढ काढा, पूर्वी ती कागदावर गोल चकत्या आखून काढायचे, आता उपग्रहाचा उंचीचा नकाशा घालून प्रोग्रॅम चालवायचा. आणि मग घनता, म्हणजे खडक पाण्याच्या किती पट जड. पुस्तकात सगळीकडं २.६७ धरतात, तो ग्रॅनाइटचा आकडा झाला. आपला घट्ट बसाल्ट २.८५ च्या पुढं मागं भरतो. सहाशे मीटर उंचीचं पठार २.६७ धरून वजा केलं का २.८५ धरून, यानं चार-साडेचार मिलिगॅलचा फरक पडतो. म्हणजे नुसता आकडा बदलून बालाघाटाच्या आकाराची एक अनॉमली, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी-जास्त ओढ, तयार पण करता येते आणि गायब पण. येडशीवर आम्ही घाट चढताना-उतरताना जवळजवळ रीडिंगं घेतली ती यासाठीच, वेगवेगळ्या घनता घालून बघायच्या आणि ज्या घनतेला डोंगराचा आकार आलेखात दिसेनासा होईल ती खरी धरायची. २.६७ ला घाटाचं चित्र स्वच्छ दिसत होतं. ती रात्र मला आवडलेली, कारण पहिल्यांदाच वाटलं की हे आकडे खरंच खडकाबद्दल बोलायलेत.

एवढं करून जे उरतं ती बूगेर अनॉमली, आणि मराठवाडाभर ती ऋणच. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं सगळीकडं खाली पोकळ आहे काय. तसं नाही, पठार उंच आहे आणि ते तोलून धरायला खाली भूकवचाची मुळी आहे, भूकवच पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड, त्याच्या खाली जड मॅन्टल. ही मुळीची कल्पना पण इथलीच बरं का. इंग्रजांच्या काळातल्या लॅम्ब्टन आणि एव्हरेस्ट या सर्व्हेवाल्यांची मोजणीची रेघ बिदरजवळच्या दामरगिड्यावरून वर गेली, म्हणजे आमच्या उदगीर-देगलूरच्या अगदी शेजारून, लॅम्ब्टन त्याच कामात १८२३ ला हिंगणघाटला वारला. पुढं उत्तरेत कल्याणपूर ते कलियाना हे अंतर दोन पद्धतींनी, एकदा जमिनीवरून आणि एकदा ओळंबा धरून ताऱ्यांवरून, मोजलं तर कोनाच्या सव्वापाच सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर दीडशे मीटरच्या वर फरक आला. कलकत्त्याचा पाद्री प्रॅट यानं हिशोब केला की हिमालय ओळंबा ओढतो म्हणावं तर फरक जवळजवळ सोळा सेकंदांचा यायला पाहिजे होता. डोंगर दिसतो तेवढा ओढत नाही, म्हणजे त्याच्या खाली काहीतरी हलकं आहे. १८५५ मध्ये इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ एअरी यानं आणि पुढं प्रॅटनं आपापली उत्तरं दिली आणि त्यातल्या एअरीच्या मुळीवर माझा अख्खा चॅप्टर उभा आहे.

आता खरी गंमत, आणि इथंच माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. बेसिनमध्ये काय होतं? कवच ताणलं, पातळ झालं, वरचा खड्डा गाळानं भरला. गाळ हलका, २.४ धरा, आजूबाजूचा खडक २.७. दोन किलोमीटर गाळ असला तर ओढ पंचवीस मिलिगॅलनं कमी. पण कवच पातळ झालं म्हणजे खालचं जड मॅन्टल वर आलं, ते दीड किलोमीटर जरी वर आलं तरी ओढ पंचवीस मिलिगॅलनं वाढते. झालं, वजा पंचवीस अधिक पंचवीस, शिल्लक शून्य! बेसिन चांगलं रुंद असलं आणि नीट तोललेलं असलं की त्याच्या बरोबर मध्यावर तुम्ही मीटर घेऊन उभे असता आणि मीटर म्हणतं खाली काही नाही. हे मला समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर परांड्याकडच्या त्या लो कडं, म्हणजे कमी ग्रॅव्हिटीच्या पट्ट्याकडं, बघायची नजरच बदलली. दोन्हीची ओढ तंतोतंत एकमेकावर बसत नाही ती कडेला, कारण गाळ उथळ असतो म्हणून त्याची खूण अरुंद आणि टोकदार, मोहो, म्हणजे कवच आणि मॅन्टलची हद्द, पस्तीस किलोमीटर खोल म्हणून त्याची खूण पसरट. म्हणून मध्ये खोलगट आणि दोन्ही खांद्यांना उंचवटे असा आलेख मिळतो, उघड्या गोदावरी खचदरीवर तो तसा मिळालेला पण आहे. मग आम्ही मधला खड्डा सोडून खांदेच शोधत बसलो.

त्यात अजून एक भानगड म्हणजे कवचाची ताकद. बाजेवर एका जागी माणूस बसला तर दोरी तेवढीच खाली जात नाही, आजूबाजूची पण ओढली जाते, आणि बाज किती कसून विणलीय यावर किती लांबपर्यंत ओढली जाईल ते ठरतं. भूकवचाचं तसंच. कमकुवत असलं तर गाळाचं आणि वरून ओतलेल्या बसाल्टचं ओझं जिथल्या तिथं तोललं जातं, ताठ असलं तर ते ओझं शे-दोनशे किलोमीटरवर वाटलं जातं आणि बेसिनखाली मोहो हिशोबाप्रमाणं वर आलेला सापडत नाही. म्हणजे खांद्यांचा उंचवटा किती रुंद आहे यावरून कवच वाकताना किती ताठ होतं हे काढता येतं, निदान पुस्तकात तरी.

माझ्याकडं शेवटी दोन मॉडेल उरली. एकात बसाल्टखाली गाळाचं जाड बेसिन आणि त्याच्याखाली थोडा वर आलेला मोहो. दुसऱ्यात गाळ जवळजवळ नाहीच, तर पायाच्या खडकातच हलक्या ग्रॅनाइटचा पट्टा, २.७५ च्या नाइसमध्ये २.६५ चा ग्रॅनाइट, खोलवर गेलेला. दोन्ही आलेखावर तितकीच चपखल बसतात. किल्लारीच्या ३३८ मीटरला एक खुंटी, देगलूरच्या शून्याला दुसरी, दोन्ही खुंट्यांना दोन्ही मॉडेल मान देतात. ग्रॅव्हिटी एवढंच सांगते की इथं एवढं वजन कमी आहे, ते कुठल्या खोलीवर कमी आहे हे ती सांगतच नाही, आणि कुणी कितीही रंगीत सेक्शन, म्हणजे जमिनीचा उभा छेद, काढून दाखवला तरी ते सांगणं त्या माणसाचं असतं.

व्हायव्हाला, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक होते, त्यांनी दोन्ही सेक्शन शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणले, तुझं मत सांग, कुठलं खरं? मी म्हणलो सर, दुसरं, गाळ नसलेलं. का? तर किल्लारीला बोअर अख्खं खाली गेलं आणि गाळ निघाला ८ मीटर, शिवाय परांड्याच्या लो ला मला धड खांदे सापडले नाहीत. ते म्हणले किल्लारी तुझ्या लो पासून शंभर किलोमीटरवर आहे. मी म्हणलो हो, म्हणून मत म्हणलो, निष्कर्ष नाही म्हणलो. मग कवचाच्या ताठपणाचा आकडा विचारला, तर सांगितलं की लाइन सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासची आहे, ज्या लांबीवर ते वाकणं दिसतं त्यापेक्षा कितीतरी लांब लाइन लागते, सह्याद्रीपासून पार तेलंगणापर्यंत नेली तर काहीतरी बोलता येईल. त्यांनी मान हलवली आणि विचारलं की मग परांड्याला पुढं काय करशील. मॅग्नेटोटेल्युरिक, मी म्हणलो. ओला गाळ वीज वाहून नेतो, ग्रॅनाइट नेत नाही, त्यामुळं वजनानं सारखी दिसणारी माझी दोन मॉडेल तिथं वेगळी पडतील. त्याचं प्रपोजल आता लिहून झालंय, फक्त ती मशीन विजेच्या तारांपासून लांब लावावी लागतात आणि परांडा-बार्शी पट्ट्यात शेतपंपाची लाइन नाही असं रान शोधायचं काम सध्या चालू आहे.